फुरसं चावलेला रुग्ण: एएसव्ही (सर्पविषावरचं प्रतिविष) चालू असताना आणि पुढच्या रात्रभर वॉर्डात काय बघायचं?

नवी_अधिपरिचारिका (सिंधुदुर्ग)

भातकापणी तोंडावर आली, आता फुरशाच्या केसेस वाढणार. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डला एकच सिस्टर असते. प्रौढ रुग्ण, पायाला दंश, २० मिनिटांच्या चाचणीत ट्यूबमधलं रक्त पातळच राहिलं, एमओंनी (वैद्यकीय अधिकाऱ्यांनी) एएसव्हीच्या १० वायल लिहिल्या. इथवर कळतं. पुढे गोंधळ होतो. थेंब किती लावायचे? ट्यूब परत कधी लावायची? एकाच रुग्णाची ट्यूब एकदा गोठलेली आणि तासाभरानं पातळ, असं झालं तर कुठली खरी धरायची? आणि सूज 'वाढली' असं चार्टवर लिहून पुढच्या पाळीला काही समजत नाही, तर ती लिहायची कशी? अनुभवी ताई-ब्रदरांनी नीट सांगावं.

इन्चार्ज_ताई

आधी ट्यूब, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ट्यूब काचेचीच हवी, नवी किंवा निदान साबण न लागलेली, आणि कोरडी. रक्त काचेला लागलं की गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकमध्ये ती नीट सुरू होत नाही, म्हणून चांगलं रक्तही पातळ दिसतं आणि रुग्णाला नको असताना १० वायल जातात. साबणाच्या पावडरीनं धुतलेल्या काचेचंही तेच. तुमची 'एकदा गोठली, एकदा पातळ' ही तक्रार बहुतेक वेळा ट्यूबची असते, रुग्णाची नव्हे.

ताजं शिरेतलं २ मिली रक्त घ्या, सलाइन चालू असलेल्या हातातून नको. ट्यूब स्टँडला उभी करा, घड्याळ बघून वेळ लिहा आणि २० मिनिटं तिला हात लावू नका. मधेच हलवून बघायची सवय फार वाईट. बरोबर २० मिनिटांनी एकदाच आडवी करायची. रक्त ओघळलं तर पातळ, गोळा जागेवर राहिला तर गोठलं. शंका असेल तर सोबतच्या नातेवाइकाचं २ मिली रक्त तसल्याच दुसऱ्या ट्यूबमध्ये शेजारी लावा. तेही पातळ राहिलं तर दोष काचेचा.

वेळापत्रक असं: दाखल होताना पहिली, मग ३ तास दर अर्ध्या तासाला, त्यानंतर दर तासाला. हे ट्यूब गोठत असेल तोवर. एकदा पातळ आली आणि एएसव्ही दिलं की पुढची ट्यूब ६ तासांनी. मधे लावून उपयोग नाही. एएसव्ही विष बांधतं, पण संपलेले गोठण-घटक यकृताला नव्याने बनवायला लागतात आणि त्याला साधारण तेवढा वेळ जातो. दोन तासांनी ट्यूब पातळ बघून घाबरून 'अजून १० वायल' मागणं हे त्यामुळेच चूक. ६ तासांनीही पातळ असेल तर पुढचा डोस किती, ते एमओ ठरवतील. एकूण २५-३० वायलच्या पुढे सहसा जात नाहीत.

आता औषध. वायलमधली पावडर प्रत्येकी १० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवायची. वायल तळहातात गोल फिरवायची, शेक करायची नाही. फेस आला की वायलमधून पूर्ण औषध निघत नाही आणि तुम्हाला वाटतं १० दिल्या. १० वायल म्हणजे १०० मिली. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ५ मिली धरून ३०० मिली नॉर्मल सलाइन, एकूण ४०० मिली, एका तासात. सेटवर २० थेंब = १ मिली छापलेलं असेल (पाकीट बघून घ्या) तर पहिली १५ मिनिटं मिनिटाला ४० थेंब. काही झालं नाही तर उरलेले ३७० मिली ४५ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला १६५ च्या आसपास. एवढे थेंब मोजताना डोळे फिरतात, म्हणून १५ सेकंदांत ४१ मोजा. टेस्ट डोस देऊ नका, त्यातून रिअॅक्शन कळत नाही. चावलेल्या जागी एएसव्ही टोचायचं नाही.

पहिला अर्धा तास दर ५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास. पुढचे २ तास दर १५ मिनिटांनी. या वेळेत दुसऱ्या बेडचा ड्रेसिंग ट्रे हातात घेऊ नका. आयाला किंवा वॉर्डबॉयला सांगून ठेवा, पण रुग्णापासून हलू नका.

एमओ_रात्रपाळी

ताईंनी बरोबर सांगितलंय. रिअॅक्शनबद्दल भर घालतो. बहुतेक रिअॅक्शन १० मिनिटं ते ३ तासांत येतात आणि पहिली खूण अगदी साधी असते: रुग्ण अंग खाजवायला लागतो, कोरडा खोकला येतो, उलटी होते, पोट दुखतं म्हणतो, अंगावर गांधी उठतात. बीपी पडेपर्यंत वाट बघू नका. एएसव्ही बंद, सुई काढायची नाही, त्याच शिरेला दुसऱ्या सेटनं साधं सलाइन. अॅड्रेनालिन १:१००० चं अँप्यूल १ मिलीचं असतं, त्यातलं अर्धं, म्हणजे ०.५ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. ५ ते १० मिनिटांत फरक नाही तर पुन्हा तेवढंच. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ आणि क्लोरफेनिरामाइन १० मिग्रॅ त्यानंतर. ही दोन्ही उशिरा चढणारी औषधं, अॅड्रेनालिनची जागा ती घेत नाहीत. 'आधी एव्हिल (अॅलर्जीचं औषध) देऊन बघू' या विचारात मौल्यवान मिनिटं जातात. म्हणून एएसव्ही लावण्याआधी अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून ट्रेमध्ये हवं. रुग्ण सावरला की तेच एएसव्ही हळू परत सुरू करायचं, टाकून द्यायचं नाही.

थंडी वाजून हुडहुडी भरणं, तासा-दोन तासांनी ताप, ही वेगळी गोष्ट. ती पायरोजेनिक, म्हणजे औषधातल्या ताप आणणाऱ्या अशुद्धीमुळे. थेंब थांबवून कळवा.

नवी_अधिपरिचारिका (सिंधुदुर्ग)

दोन्ही उत्तरं फार कामाची. एक अडलं: रक्त पातळ असताना स्नायूत इंजेक्शन टाळा म्हणतात, मग अॅड्रेनालिन चालतं? आणि कॅथेटर सगळ्यांनाच घालायचा का?

एमओ_रात्रपाळी

अॅनाफिलॅक्सिसला (जिवावर बेतणाऱ्या अॅलर्जीला) अपवाद. जीव आधी, मांडीतली गाठ नंतर. टोचल्यावर तिथं दाबून धरा. बाकी स्नायूतली इंजेक्शनं बंद. धनुर्वाताची लससुद्धा ट्यूब गोठायला लागल्यावर. वेदनेला पॅरासिटामॉल. डायक्लो, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन अजिबात नाही.

कॅथेटर सगळ्यांना नको. पातळ रक्तात कॅथेटरची जखम झाली तर लघवीत आलेलं रक्त विषामुळे की आपल्यामुळे, हे कळत नाही. शुद्धीवर असेल तर मोजपात्र द्या आणि नातेवाइकांना सांगा की लघवी बाहेर ओतू नका, आधी दाखवा. गुंगी, शॉक किंवा लघवी तुंबल्याची शंका असेल तर कॅथेटर. ६० किलोला ताशी ३० मिली, म्हणजे ६ तासांत १८० मिली, त्याच्या खाली गेलं की फोन करा. रंगही लिहा. घोणस चावली असेल तर किडनीचा धोका जास्त, पण फुरशातही निश्चिंत राहू नका.

गडग्याकडचा_ब्रदर

सुजेचं मी सांगतो. पेनानं सुजेच्या कडेला रेघ मारून शेजारी वेळ लिहायची, '२२:४०' अशी. आणि टेप कायम एकाच जागी: घोट्याच्या आतल्या हाडापासून १० सेंमी वर खूण करा, दोन्ही पायांची मापं घ्या. 'उजवा २६.५, डावा २३' असं लिहिलं की सकाळच्या सिस्टरला काही विचारावं लागत नाही. पैंजण, जोडवी, पायातला काळा दोरा दाखल होतानाच काढा, नंतर कापावे लागतात.

सुतळी किंवा रुमाल घट्ट बांधून आला तर झटकन सोडू नका. बांधलेल्या जागेच्या पुढची नाडी बघा, शीर लावून घ्या, एमओ शेजारी असताना हळू सैल करा. जखमेवर ब्लेडचे काप असतील तर ते रात्रभर झिरपत राहतात, दाबपट्टी बदलली की वेळ लिहा.

पाय उशीवर जरा उंच. बोट ताणून धरल्यावर दुखणं अचानक खूप वाढलं, पाय कडक-गार लागला, तर पाय हृदयाच्या पातळीवर आणा आणि सर्जनला कळवा. पण रक्त गोठायला लागेपर्यंत सर्जन आतला दाब मोकळा करायला चीर देणार नाहीत, हे नातेवाइकांना आधीच समजावून ठेवा.

रक्तस्राव कुठं बघायचा तर हिरड्यांच्या कडा टॉर्च लावून, आणि आधी टोचलेल्या प्रत्येक जागा. दात घासायला ब्रश नको, ओल्या कापसानं तोंड पुसून द्या. दाढी नको. डोकं दुखतंय, उलट्या होतायत, झोपाळला, तर 'दमला असेल' म्हणू नका, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. 'माका बरा वाटता' म्हणून पडलेल्या रुग्णालाही तासाला जागं करून नाव-गाव विचारा.

आणि सापाचं नाव सांगितलं तरी पापण्या बघाच. डोळे उघडे ठेवता येत नाहीत, मान उचलता येत नाही, एका श्वासात २० पर्यंत मोजता येत नाही, तर ते फुरसं नव्हे. मण्याराचं विष मज्जातंतूंवर चढतं आणि त्याचा दंश सहसा दुखतही नाही.

इन्चार्ज_ताई

ब्रदर म्हणतात तसंच. शेवटचं एक राहिलं: ट्यूब गोठली म्हणून निरीक्षण सैल सोडू नका. दंशाच्या जागेत राहिलेलं विष पुन्हा रक्तात येतं आणि ट्यूब परत पातळ होऊ शकते, म्हणून पहिली गोठलेली ट्यूब मिळाल्यावरही पुढचे २४ तास दर ६ तासांनी लावा.

घरी सोडताना कागदावर मराठीत लिहून द्या: हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवी कमी, यापैकी काहीही झालं तर लगेच परत या, १०८ ला फोन करा. एएसव्ही कोणत्या तारखेला दिलं ती तारीखही त्यावर घाला. आठवडा-दीड आठवड्यानं ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर तो सीरम सिकनेस (एएसव्हीला शरीरानं उशिरा दिलेली प्रतिक्रिया) असू शकतो, आणि गावातल्या डॉक्टरला ती तारीख दिसली नाही तर तो मलेरिया-डेंग्यूच्याच तपासण्या करत बसतो.