स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही

वीज वाचवायला स्वयंसेवकांनी रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लॅबमध्ये फिरून मशीन बंद करावीत, असं कुणीतरी सुचवलंय. हेतू चांगला, पण परीक्षा तोंडावर आल्या की फिरणारे गायब होतात. त्यापेक्षा त्यांच्याकडून प्रत्येक मशीनवर स्लीपची वेळ (तेवढा वेळ वापर नसला की मशीन आपोआप झोपतं) लावून घ्या आणि स्क्रीनसेव्हर काढून टाका. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर डाग पडू नयेत म्हणून होता. एलसीडीवर मासे पोहत असले तरी मागचा दिवा जळतच असतो.

खरा विरोध लॅब सांभाळणाऱ्यांचा असतो, कारण अपडेट रात्री टाकायचे असतात. (तक्रार रास्तच आहे.) त्यावर 'वेक-ऑन-लॅन' आहे: बायोसमध्ये (मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ते सुरू केलं की झोपलेलं मशीन नेटवर्कवरून हवं तेव्हा उठवता येतं. केबलने जोडलेलं असेल तर उत्तम; वायफायवर भरवसा नाही.