लंडन: सॅम्बर्न हाऊस बघताना नेमकं काय बघायचं?

चकवाचांदण
केन्सिंग्टनमधलं सॅम्बर्न हाऊस (१८, स्टॅफर्ड टेरेस) आणि चित्रकार लेटन यांचं लेटन हाऊस, ही संग्रहालय म्हणून जपलेली दोन जुनी घरं एका दिवसात होतात का? सोबत गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठ बाई आहेत. आत फार अंधार असतो म्हणतात, तो कशामुळे?

खलबत्ता
आरामात होतात. हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्टेशनला उतरा, दोन्ही घरं चालण्याच्या टप्प्यात आहेत. खरी अडचण जिन्याची. घर अरुंद आणि उभं: स्वयंपाकघर तळघरात, मोलकरणीची खोली पार वर, आणि वरच्या मजल्यांना लिफ्ट नाही. त्यांना तळमजल्यावरची जेवणाची खोली आणि पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना एवढंच दाखवा. घराचा जीव तिथेच आहे. वेळा मात्र निघण्याआधी साइटवर बघा.

जुनीकाच
अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. कागदावरची चित्रं, वॉलपेपर, पडदे उजेडाने विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत. उन्हातून आलात की दारातच पाच मिनिटं थांबा, डोळे सरावले की भिंती दिसू लागतात. फ्लॅश अर्थातच नको.

एक लक्षात घ्या: हे नव्याने सजवलेलं घर नाही, राखलेलं आहे. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिनली सॅम्बर्न इथे १८७५ मध्ये राहायला आले. १९१० मध्ये ते गेल्यावर मुलाने फारसं काही हलवलं नाही, १९८० पासून घर लोकांना खुलं आहे. म्हणजे खुर्च्या लिलावातून गोळा केलेल्या नाहीत, घरच्याच आहेत.

दिवाणखान्यात चित्रांच्या फ्रेमच्या कडांकडे बघा. भिंतीवरचा चामड्यासारखा उठाव असलेला जपानी कागद महाग, म्हणून चित्रांमागे तो लावलाच नाही. तिथे आधीचा, नक्षीकार विल्यम मॉरिसचा कागद तसाच आहे. काटकसर आपल्याकडचीच वाटेल! न्हाणीघरही चुकवू नका. सॅम्बर्न व्यंगचित्रांसाठी घरच्यांना, नोकरांना वेष चढवून उभं करायचे, फोटो काढायचे आणि ते तिथल्या संगमरवरी टबात धुवायचे.

खलबत्ता
पाठीवरची सॅक पोटावर घ्या. वाटा चिंचोळ्या, वळताना धक्का लागतो तो नेमका चिनी मातीच्या भांड्यांना. टोकदार टाचेचे बूट नकोत, सगळं वजन एका बिंदूवर येऊन जुन्या लाकडाला खड्डे पडतात. टिपणं काढायची तर पेन्सिलीने. इंग्लंडमधल्या अशा घरांत खुर्चीवर पाइनचं बोंड ठेवलेलं दिसलं, तर ते शोभेचं नाही, 'बसू नका' असं सांगतंय.

चकवाचांदण
मग बाईंना बसायला?

खलबत्ता
कर्मचाऱ्यांना विचारा, पाहुण्यांनी बसायची जागा तेच दाखवतील.