मदत हवी आहे: कोडने केलेल्या गंजिफाचा कर्ता कोण?

नमस्कार मंडळी. मी कुडाळला असते. दशावतारी गंजिफाचा (विष्णूच्या दहा अवतारांच्या गोल पत्त्यांचा) १२० पानांचा संच कॉम्प्युटरवर केलाय. राजा आणि प्रधान मिळून २० पानं हाताने रंगवून स्कॅन केली. उरलेल्या १०० पानांवर एक ते दहा चिन्हं गोलात बसवायचं काम मी लिहिलेल्या कोडने केलं. (मत्स्याच्या दहा माशांनी रडवलं, शेपट्या सारख्या किनारीबाहेर!) किनारीची वेलबुट्टी तेवढी एआयकडून काढून घेतली, मग वरून ब्रश फिरवला. कुठल्याही जुन्या पानाची नक्कल नाही. परंपरा सावंतवाडीची, तिच्यावर माझा दावा नाही.

आता कॉपीराइट नोंदवायचाय. १९५७च्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनंतर, कॉम्प्युटरने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, एवढं वाचलंय. एक एजंट म्हणतो, एआय आहे म्हणजे विसरा. दुसरा म्हणतो, सांगूच नका. खोटं मला लिहायचं नाही. संच मालवणात पर्यटकांना विकायचाय, त्यामुळे ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध-प्रमाणपत्र लागतं हे माहीत आहे, त्याबद्दल विचारत नाहीये.

असा मिश्र कामाचा अर्ज ज्यांनी स्वतः भरलाय त्यांनीच सांगा: कर्त्याच्या रकान्यात एकट्याचं नाव घालून एआयचा भाग वेगळा नमूद केलात, की तो वगळून बाकीच्यावरच हक्क मागितलात? आणि त्यावर कार्यालयाने हरकत काढली का?