मदत हवी आहे: मुलाचं जहाज पाच दिवस ॲपवर दिसत नाही

मंडळी, नमस्कार. मी उरणचा, निवृत्त गणित शिक्षक. मुलगा एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, फोर्थ इंजिनिअर आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरातून कोळसा भरून ते मुंद्र्याला निघालेत. जाण्याआधी त्यानेच मोबाइलवर एक फुकटचं ॲप टाकून दिलं. जहाजाचं नाव घातलं की नकाशावर बाण दिसतो. त्याची आई देवपूजेच्या आधी तो बाण बघते.

बंदर सोडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं नीट होतं. मग किनारा मागे पडला आणि बाण जागीच थिजला. 'शेवटचा संदेश 5 दिवसांपूर्वी.' मुलाचा व्हॉट्सॲपही तीन दिवस नाही. मध्ये नेट मिळणार नाही हे तो सांगून गेला होता, पण ते आईला कोण पटवणार? त्यात शेजाऱ्यांनी सोमाली चाच्यांचा विषय काढला.

शिवाय शेवटच्या नोंदीत दोन गोष्टी खटकतात. स्थिती 'नांगरावर' आणि वेग 11.8 नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. नांगर टाकून कुणी पावणेबारा नॉटने जातं का? आणि पोचायच्या बंदराच्या जागी 'झेडएआरसीबी' अशी अक्षरं आहेत. ऑफिसला फोन केला तर 'सब ठीक है' म्हणून ठेवून दिला. कुणी समजावून सांगेल का?

डेकवाला: काका, काकूंना आधी सांगा की जहाज बोलतंय, ऐकायला जवळ कुणी नाही. एआयएस म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप सांगणारं यंत्र; त्याचा संदेश व्हीएचएफ रेडिओवरून जातो, 162 मेगाहर्ट्झच्या आसपास. तुमच्या ॲपला तो पुरवतात किनाऱ्यावरचे रिसीव्हर. मोझांबिक सोडून जहाज बाहेर गेलं की त्यांच्या टप्प्याबाहेर. उपग्रहही ऐकतात, पण ते बघायला बहुतेक ॲपवाले पैसे मागतात.

बारा नॉटने सरळ चाललेलं जहाज दर 10 सेकंदांनी आपली जागा, वेग, दिशा सांगतं. वळताना साडेतीन सेकंदांच्याही आत. नांगरावर असेल तर 3 मिनिटांनी. हे जीपीएसवरून आपोआप होतं. पण 'नांगरावर', 'इंजिनावर चालू' ही स्थिती आणि पोचायचं बंदर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कुणीतरी हाताने घालतं. रिचर्ड्स बेला बाहेर नांगरावर थांबले असतील, मग आत गेले, माल भरला, निघाले, बटण बदलायचं राहिलं. 'झेडएआरसीबी' हा रिचर्ड्स बेचाच कोड आहे, मागच्या फेरीचा. आमच्याकडे हे काम सेकंड मेट या डेकवरच्या अधिकाऱ्याचं, आणि मीही एकदा शिव्या खाल्ल्यात.

गच्चीवरचा_रेडिओ: गणिताचे मास्तर आहात म्हणून सूत्र देतो. टप्पा सागरी मैलांत = 2.2 × (दोन्ही अँटेनांच्या उंचीची वर्गमुळं, मीटरमध्ये, त्यांची बेरीज). तुमची गच्ची 9 मीटर आणि जहाजाचा अँटेना 36 मीटर धरा.

निवृत्त_मास्तर: 3 अधिक 6, गुणिले 2.2. वीसला थोडे कमी. म्हणजे उरणहून न्हावा-शेव्याची जहाजं ऐकू येतील, मुंद्रा नाही. बरं, पण मुंबईबाहेर इतकी जहाजं उभी असतात, सगळी एकदम बोलली तर गोंधळ होत नाही का?

गच्चीवरचा_रेडिओ: प्रत्येक मिनिटाचे 2250 तुकडे केलेत, आणि चॅनेल दोन, म्हणजे 4500 जागा. जहाज संदेशातच सांगून ठेवतं की पुढचा तुकडा माझा. बाकीचे ते ऐकून दुसरा घेतात. वर्गात हात वर करून बोलावं तसं, फक्त मास्तर नाहीत. गोची होते ती उपग्रहाची. त्याला वरून हजारो किलोमीटरचा समुद्र दिसतो. एकमेकांना ऐकू न येणारी जहाजं एकच तुकडा घेतात आणि वर सगळे आवाज एकमेकांत मिसळतात. गर्दीच्या समुद्रात जास्त. हिंदी महासागराच्या मध्यात तुलनेने निवांत.

निवृत्त_मास्तर: 60 भागिले 2250, म्हणजे एका तुकड्याला 26.67 मिलिसेकंद. हे मला आवडलं. पण हिचा प्रश्न तसाच आहे: चाच्यांमुळे मुद्दाम बंद केलं असेल तर?

डेकवाला: तसा अधिकार कॅप्टनला आहे. जहाजाच्या सुरक्षेला धोका वाटला तर तो एआयएस बंद करू शकतो, त्याची नोंद ठेवावी लागते. पण 'किनाऱ्यापासून लांब गेल्यावर गप्प' याचं कारण जवळपास नेहमी टप्पा हेच असतं. आणि काका, हे यंत्र एकमेकांवर आपटू नये म्हणून आहे. परदेशी फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या जहाजांना 2004 अखेरपर्यंत ते सक्तीचं झालं, तेव्हा आयांचा विचार कुणी केला नव्हता.

एक काम करा. नावाने शोधू नका, एका नावाची चार जहाजं असतात. सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, तो झेंडा (नोंदणीचा देश) आणि नाव बदललं तरी तोच राहतो. नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे जहाजाच्या रेडिओचा नंबर, झेंड्याबरोबर बदलतो. पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे 419.

निवृत्त_मास्तर: आमचा 538 ने सुरू होतो. मार्शल आयलंड म्हणे. मुलाने हे जहाज कधी तिकडे गेल्याचं सांगितलं नाही.

डेकवाला: जाणारही नाही. फक्त नोंदणी तिकडची.

निवृत्त_मास्तर: (नऊ दिवसांनी) कळवायचं राहिलं. मंगळवारी रात्री द्वारकेच्या पश्चिमेला बाण हलला. स्थिती 'इंजिनावर चालू', बंदर 'झेडए आरसीबी' पुढे बाणाचं चिन्ह आणि 'आयएन एमयूएन', म्हणजे मुंद्रा. सेकंड मेटला कुणीतरी आठवण केलेली दिसते. मुलाचा फोनही आला, नेटचा कोटा संपला होता.

आता जहाज मुंद्र्याबाहेर नांगरावर आहे. आज सकाळी हिने हाक मारली, 'अहो, बाण परत अडकला.' तीन मिनिटं थांब म्हटलं.