यकृताच्या कर्करोगात ई-कॅडहेरिनला एवढं महत्त्व द्यावं का?

पेशीबंध (धागाकर्ता):
यकृतपेशींच्या कर्करोगावरचा, म्हणजे एचसीसीवरचा, कुठलाही लेख उघडा. मांडणी ठरलेली असते: पेशींना एकमेकींशी जखडणारं ई-कॅडहेरिन कमी झालं, त्याच कुळातलं एन-कॅडहेरिन वाढलं, पेशी सुटी झाली आणि रक्तवाहिनीत शिरली. स्तनासारख्या अवयवांच्या कर्करोगांतून उचललेली ही मांडणी यकृताला नीट बसत नाही, असं माझं मत आहे.

निरोगी यकृतपेशीत एन-कॅडहेरिन मुळातच असतं. ई-कॅडहेरिन पोर्टल ट्रॅक्टभोवती (जिथून रक्त यकृताच्या खंडिकेत येतं) जास्त आणि मध्यशिरेकडे (जिथून ते बाहेर पडतं) जाताना विरळ. मग ट्यूमरमध्ये एन-कॅडहेरिन दिसलं म्हणजे पेशीने रूप बदललं, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? तुलनेला घेतलेला निरोगी तुकडा मध्यशिरेजवळचा असेल, तर ई-कॅडहेरिन ‘गेलं’ की आधीच कमी होतं, हेही सांगता येत नाही.

त्याहून मोठी अडचण पसरण्याच्या पद्धतीची. काही एचसीसी गाठींत सीडी३४ (रक्तवाहिनीचं अस्तर दाखवणारी खूण) स्टेन केल्यावर रक्तवाहिनीच्या अस्तराने ट्यूमरचे पुंजके चहूबाजूंनी वेढलेले दिसतात. याला ‘व्हीईटीसी’ नमुना म्हणतात. इथे आख्खा पुंजका अस्तरासकट शिरेत उतरतो, पेशींनी एकमेकींचा हात सोडावा लागतच नाही. अशा गाठींत ई-कॅडहेरिन शाबूत राहूनही रोग पसरतो. म्हणून पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये ‘ई-कॅडहेरिन कमी, सबब आक्रमक’ असं वाक्य येऊ नये.

सोळा_क्यू:
साफ असहमत. ई-कॅडहेरिनचं जनुक सोळाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, १६क्यू२२ ला आहे आणि एचसीसीत हाच भाग वारंवार गळतो. उरलेल्या प्रतीच्या प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या भागावर) मिथाइल गट चढून तीही बंद पडू शकते. हिपॅटायटिस बी विषाणूचं एचबीएक्स प्रथिन पेशींमध्ये हे मिथिलेशन वाढवतं, हे दाखवलं गेलंय. वर स्नेल, ट्विस्ट, झेब१ ही हे जनुक दाबणारी प्रथिनं आहेतच. एकाच प्रथिनाला इतक्या वाटांनी बंद केलं जातं, ते उगाच?

२०१४ चा उंदरांवरचा प्रयोगही आहे. फक्त यकृतातून ई-कॅडहेरिन काढलं, तर पित्तनलिकांभोवती दाह सुरू झाला आणि कर्करोगजनक रसायन दिल्यावर गाठी वाढल्या. म्हणजे त्याचं काम नुसतं चिकटवण्याचं नाही, पित्ताचा अडसर टिकवण्याचंही आहे. तुम्ही पसरण्याबद्दल बोलताय, सुरुवातीचा टप्पा सोडूनच दिलात. आणि व्हीईटीसी हा सगळ्या गाठींचा नियम नव्हे.

काचपट्टी:
दोघेही ज्या आकड्यांवर भांडताय, ते स्लाइडवरून येतात, आणि यकृताची स्लाइड फसवी असते. यकृतात बायोटिन भरपूर. बायोटिनला चिकटून रंग आणणारी अव्हिडिन-बायोटिन पद्धत वापरली, त्यातून उष्णतेने अँटिजन रिट्रीव्हल केलं (फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं उघडी केली), की पेशीद्रव तपकिरी होतं आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणून मोजलं जातं. बायोटिन न लागणारं पॉलिमर डिटेक्शनच वापरा. लिपोफ्युसिन हे पेशीतलं रंगद्रव्य आणि पित्तही डीएबी या रंजकाच्या तपकिरी रंगात मिसळतात, म्हणून अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड शेजारी हवीच.

३ ते ४ मायक्रॉनचे काप, १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास. मोठ्या रिसेक्शनचे (शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्याचे) काप वेळेत पाडले नाहीत तर आतला भाग नीट फिक्स होत नाही आणि पेशीपटलावरची रेघ तुटक दिसते. हीच तुटकता पुढे ‘ई-कॅडहेरिन कमी’ म्हणून नोंदली जाते. आधी पित्तनलिका बघा. त्यांच्यावर सलग, ठसठशीत रेघ नसेल, तर ती स्लाइड बाद.

फ्लास्क_३७:
पेशीरेषांवरचा पुरावा तर याहून डळमळीत. एसके-हेप-१ ‘आक्रमक एचसीसी’ म्हणून वापरतात, पण ती मुळात रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी. तिच्यात ई-कॅडहेरिन नाही यात नवल काय? एसएमएमसी-७७२१ आणि बीईएल-७४०२ तर हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींनी भेसळलेल्या निघाल्या. हेप-जी२ हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांच्या वेगळ्या यकृतगाठीची आहे. एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशीरेषेची ओळख पटवणं) नसलेला निबंध मी या वादात पुरावा म्हणून धरणार नाही.

आणखी एक गफलत फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या द्रव्याने सोडवून उचलताना होते. कॅल्शियम असेपर्यंत ई-कॅडहेरिनला ट्रिप्सिनपासून संरक्षण असतं. ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए कॅल्शियम खेचून घेतं आणि बाहेरचा भाग छाटला जातो. मग फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीवरचं प्रथिन मोजताना) ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’! ट्रिप्सिन वापरायचंच तर ईडीटीएविना आणि १ ते २ मिलिमोलर कॅल्शियम ठेवून. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकाराने वेगळी करून बघताना) १२० किलोडाल्टनची पट्टी पूर्ण प्रथिनाची, ८० ची बाहेर तुटून पडलेल्या तुकड्याची. प्रथिनाच्या पेशीआतल्या शेपटीला चिकटणारी अँटिबॉडी वापरली तर ८० ची पट्टी दिसणारच नाही.

सोळा_क्यू:
पेशीरेषांबद्दल मान्य. पण गुणसूत्राचा तुकडा गळणं हे रुग्णांच्या गाठींतून आलंय, त्याला ट्रिप्सिनही लागत नाही आणि डीएबीही.

पेशीबंध:
पण त्या तुकड्यावर इतरही जनुकं आहेत, सगळं श्रेय ई-कॅडहेरिनला कसं द्यायचं? दुसरा लाडका युक्तिवाद असा की ई-कॅडहेरिन गेलं की त्याला जोडलेलं, पेशीवाढीला चालना देणारं बीटा-कॅटेनिन मोकळं होऊन केंद्रकात जातं. एचसीसीत बीटा-कॅटेनिन जागं होण्याचं मुख्य कारण त्याच्याच जनुकातलं उत्परिवर्तन आहे, साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या गाठींत, बहुतेक एक्सॉन ३ मध्ये. तिथल्या सेरीन-थ्रिओनिनवर फॉस्फेट बसत नाही, म्हणून प्रथिन नष्ट होत नाही. यातल्या बऱ्याच गाठी सुविकसित, म्हणजे निरोगी यकृतपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या असतात. ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर गाठभर गडद आलं तर बीटा-कॅटेनिन जागं असल्याचा संशय पक्का करा. एरवी ते मध्यशिरेभोवतीच्या एक-दोन थरांतच असतं.

एपकॅम_पक्ष:
चर्चा ई-कॅडहेरिनवरच अडकलीय. निर्णयाला उपयोगी पडणारं चिकट प्रथिन एपकॅम आहे. प्रौढ यकृतपेशीत ते नसतं, पित्तनलिकेत असतं. म्हणून एमओसी-३१ (एपकॅमला चिकटणारी अँटिबॉडी) सर्वत्र ठसठशीत आलं तर आधी अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा, म्हणजे ग्रंथीपेशींच्या कर्करोगाचा विचार करतात. एचसीसीतच ते उगवलं, आणि सोबत रक्तातलं एएफपी हे प्रथिन जास्त असेल, तर मूलपेशीसारखी, वाईट वळणाची गाठ.

काचपट्टी:
ऊतीवर ठीक. रक्तात सुटलेल्या ट्यूमरपेशी पकडायला मात्र एपकॅम अपुरं. सेलसर्च यंत्र ७.५ मिलिलिटर रक्तातून एपकॅमला चिकटणाऱ्या चुंबकीय कणांनी पेशी ओढतं. बहुसंख्य एचसीसी गाठींत एपकॅम नसतं, त्यामुळे शून्य आलं म्हणून रक्त स्वच्छ, असं म्हणता येत नाही.

सोळा_क्यू:
माझा आग्रह मग इतकाच: ई-कॅडहेरिन बघायचं तर गाठीच्या कडेला बघा. सिऱ्होसिसमध्ये एचसीसीचं निदान बहुधा सीटी-एमआरआयवरच होतं, आणि बायॉप्सी झालीच तर सुई आतल्या भागातून जाते. कड मिळते ती रिसेक्शन किंवा काढलेल्या यकृतात.

पेशीबंध:
कडेचा ब्लॉक घ्या, पण त्याच ब्लॉकवर सीडी३४ ही करा. कडेला ई-कॅडहेरिन शाबूत आणि जवळच्या शिरेत पुंजके, असं एकत्र दिसलं तर रिपोर्टमध्ये काय लिहाल?

सोळा_क्यू:
शिरेतले पुंजके लिहीन, ते पुढच्या उपचारासाठी जास्त महत्त्वाचे. ई-कॅडहेरिन संशोधनाच्या तक्त्यात जाईल. पण जाईल नक्की.