साखरेच्या पॅनमधले चिकटलेले दाणे मॉडेलमध्ये कसे घ्यायचे?

प्रश्न:
एमटेकचा प्रोजेक्ट, व्हॅक्यूम पॅनचं (कमी दाबाखाली साखरेचे दाणे पाडायचं भांडं) पॉप्युलेशन बॅलन्स करतोय, म्हणजे कुठल्या आकाराचे किती दाणे याचा हिशोब. न्यूक्लिएशन (नवे दाणे तयार होणं), ग्रोथ (दाणे वाढणं) जमलं पण अॅग्लोमरेशनची (दाणे एकमेकांना चिकटण्याची) टर्म टाकली की एकूण साखरच वाढते, ग्रोथ बंद ठेवली तरी! डोकं फिरलंय.

उत्तर १:
लांबीच्या ग्रिडवर (दाण्यांच्या आकाराचे खाने) बेरीज करतोयस बहुतेक. चिकटल्यावर घनफळ मिळवायचं रे, लांबी नाही. १०० मायक्रॉनचे दोन दाणे मिळून २०० नाही, १२६ च्या आसपास होतात. हाउन्स्लोची १९८८ ची पद्धत बघ, प्रत्येक खाना आधीच्याच्या दुप्पट घनफळाचा, त्यात संख्या आणि घनफळ दोन्हीचा हिशोब जुळतो.

उत्तर २:
आणि स्मोलुचोव्स्कीच्या समीकरणातला (कण चिकटण्याच्या वेगाचं समीकरण) तो अर्धा विसरू नकोस, नाहीतर एकच जोडी दोनदा मोजली जाते. कर्नल (बीटा, म्हणजे दोन दाणे चिकटण्याचा दर) आधी स्थिर ठेव, म्हणजे संख्या घटण्याचा वेग अर्धा बीटा गुणिले संख्येचा वर्ग, हाताने तपासता येतं. मग बीटात सुपरसॅच्युरेशन (पाकात विरघळू शकते त्याहून जास्त साखर असणं) आण, कारण नुसती टक्कर होऊन भागत नाही, ढवळणं दोघांना तोडायच्या आत मधे साखरेचा पूल बसायला हवा.

उत्तर ३:
पॅनवर शिफ्ट केलीय म्हणून सांगतो, जोडदाण्याच्या खाचेत मळी अडकते, सेंट्रिफ्यूगलला (दाण्यांपासून मळी वेगळी करणारं फिरतं यंत्र) कितीही पाणी मारा निघत नाही, रंग चढतो. त्यामुळे नुसता सरासरी साइज जुळला म्हणून खूश होऊ नकोस, काचपट्टीवर जोडदाणे मोज.

प्रश्नकर्ता:
लांबीच घेतली होती 🙈 आता साखर वाढत नाही.