मुलीला शिट्टी शिकवली, त्यात संस्कार कुठे बुडाले?

सह्याद्रीवेडा:
काल इथे एका काकांनी लिहिलं की घरात तोंडाने शिट्टी वाजवणं हे संस्कार संपल्याचं लक्षण, आणि मुलींनी दोन बोटं तोंडात घालून ती मारणं म्हणजे 'टपोरीपणाचा कळस'. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

माझी सातवीतली लेक माझ्यापेक्षा खणखणीत शिट्टी मारते. मीच शिकवली. जिभेचं टोक मागे दुमडायचं, ओठ दातांवर ओढून घ्यायचे, बोटं पहिल्या पेराइतकीच आत, फुंकर खालच्या ओठावर. आधी नुसती हवा आणि थुंकी येते, हट्टाने फुंकत राहिलं तर घेरीही. पण हरिश्चंद्रगडावर धुक्यात तिची आई मागे राहिली, मोबाईलला रेंज नव्हती, तेव्हा याच शिट्टीवर माग काढत ती आमच्यापर्यंत पोचली. डोंगरात अडकल्यावर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, असा इशारा द्यायचा असतो, हे काकांना माहीत आहे का? मेघालयातल्या कोंगथाँगमध्ये आई प्रत्येक मुलासाठी वेगळी धून करते आणि रानात त्याच धुनेने हाक मारते. तिचेही संस्कार काढणार?

चाळकरी:
तो काका मीच. कोंगथाँग डोंगरात आहे, मी चाळीत राहतो. समोरचा मुलगा दोस्ताला बोलवायला भर दुपारी जिन्यातून शिट्टी मारतो आणि आमच्या आजारी हिची झोप उडते. हाक मारायला बारशाला नाव ठेवलंय ना? शिवाय तिन्हीसांजेनंतर शिट्टी वाजवली की साप येतो, हे आमची आजी उगाच सांगत नव्हती.

विळखा:
झालं, साप आलाच! अहो, सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते. तुमची शिट्टी गेली हवेत.

रत्नांग्रीची_सून:
पुस्तकी ज्ञान पुरे. आमच्या परड्यात फुरशी निघतात. दिराने रात्री पडवीत शिट्टी मारली आणि थोड्या वेळात पायरीखाली फुरसं! योगायोग म्हणा हवं तर.

विळखा:
म्हणतोच. फुरसं रात्रीच फिरतं, आणि चिऱ्यांच्या फटीत त्याला विंचू-बेडूक आयते मिळतात. दीर मुके असते तरी ते आलंच असतं. बॅटरी घेऊन चालायचं, चावलं तर मांत्रिक सोडून थेट सरकारी दवाखाना.

रत्नांग्रीची_सून:
मांत्रिकाचं नाव मी काढलं का? कोकण म्हटलं की तुम्हाला भुताखेतांपलीकडे काही दिसतच नाही!

निवृत्त_बाई:
विळखा, तुमचंही अर्धवटच. खालच्या पट्टीतला आवाज सापाला हवेतूनही कळतो. शिट्टी फार वरच्या पट्टीत असते, म्हणून ती सुटते.

विळखा:
बरं बाई, अर्धा गुण कापा. साप शिट्टीला येत नाही, एवढं तरी राहिलं ना?

पीएमटीवाली:
सापावरून खाली उतरा जरा. राग शिट्टीवर आहे की मुलीवर? रस्त्यात आमच्यावर शिट्ट्या मारणाऱ्यांचे संस्कार कुणी काढले नाहीत. मला मामाने शिकवली होती. एकदा स्टॉपवर एकाने मारली, मी बोटं घालून त्याच्या दुप्पट जोरात परत मारली. अख्खी रांग त्याच्याकडे बघायला लागली, गडी पसार.

चाळकरी:
ते उत्तम केलंत. पण त्याचा आमच्या जिन्याशी काय संबंध?

सह्याद्रीवेडा:
म्हणजे स्टॉपवर चालेल, गडावर चालेल, फक्त घरात मुलगी बिघडते?

चाळकरी:
गडावर मारा, माझी परवानगी हवी असेल तर दिली. चाळीत दुपारी दोन ते चार नाही. आणि गळ्यात अडकवायची शिट्टी दुकानात मिळते की! बोटं कशाला तोंडात? गडावर हात धुता का?

रत्नांग्रीची_सून:
फुरशाबद्दल माझं म्हणणं तसंच आहे.